जुन्या जिप्सीला घरच्या घरी फेंडर फ्लेअर: आधी चाकाची हालचाल, मग फायबर

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणकडच्या एका गृहस्थांकडे १९९० सालची मारुती जिप्सी आहे, अरुंद ट्रॅकची (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर कमी असलेली) जुनी एमजी ४१०. तिला त्यांनी रुंद रिम आणि २३५/७५ आर १५ टायर घातलेत. टायर आता फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेबाहेर साधारण ४५ मिलिमीटर दिसतो, आणि चिखल दारावर, आरशावर, कधीकधी थेट तोंडावर येतो. त्यांना घरीच फायबरचे फ्लेअर, म्हणजे चाकाच्या कमानीवर बाहेर येणाऱ्या झालरी, करायचेत. विचारलंय ते हे: फोम वापरू की शाडू माती? एका बाजूचा साचा काढला तर दुसऱ्या बाजूला चालेल का? कोणतं रेझिन (फायबरचे धागे धरून टणक होणारा द्रव)? आणि आरटीओत काय होईल?

साच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांचा वेळ आणि पैसा वाया जातो. नाही, चालणार नाही. डावा फ्लेअर हा उजव्याचं आरशातलं रूप असतो, त्यामुळे डाव्याच्या साच्यातून कितीही वेळा काढा, डावाच निघेल. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या कमानीही वेगळ्या. म्हणजे चार फ्लेअरना चार साचे, आणि प्रत्येक साच्यातून एकेकच नग. साचा करायला मूळ वस्तूइतकंच काम लागतं, शिवाय तो भक्कम असावा म्हणून फायबर दुपटीने जातं. तुमच्या ओळखीत चार-पाच जणांकडे याच बांध्याच्या जिप्स्या असतील आणि सगळ्यांना हवे असतील, तरच साच्याचा विचार करा. एका गाडीसाठी फ्लेअर गाडीवरच घडवायचा. खालचं सगळं त्याच पद्धतीचं आहे.

त्याआधी एक स्पष्टच सांगतो. फक्त चिखल अडवायचा असेल तर फायबरच्या भानगडीत पडू नका. ईपीडीएम रबराची फ्लेअर पट्टी रोलमध्ये मिळते, कमानीच्या कडेला स्क्रूने बसते, एका सकाळीत चारही चाकं होतात आणि झाडाला घासली तरी तुटत नाही. ४५ मिलिमीटर झाकायला ती पुरते. दिसायला साधी, लांबून थोडी लोंबल्यासारखी. ते डोळ्याला खपत नसेल आणि हाताने काही घडवायची हौस असेल, तर पुढे वाचा.

तुमच्या गाडीच्या बाबतीत एक गंमतही आहे. १९९३ साली मारुतीने जिप्सीचा ट्रॅक रुंद केला. पुढचा १,२१० वरून १,३०० मिलिमीटर, मागचा १,२२० वरून १,३१०. दोन्हीकडे ९० मिलिमीटर वाढ, म्हणजे एका बाजूला ४५. तुमचे टायर नेमके तेवढेच बाहेर आलेत. त्यामुळे नंतरची एखादी रुंद ट्रॅकची जिप्सी दिसली की तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि चाकावरचा भाग किती बाहेर येतो, दाराच्या बाजूला तो कसा विरतो, हे बघून घ्या. मात्र एक फरक लक्षात ठेवा. कंपनीने तिथे ॲक्सलच रुंद केला. तुम्ही रिमच्या ऑफसेटने (रिम हबला जिथे टेकते ती जागा बदलून) चाक बाहेर काढलंय, म्हणजे बेअरिंगवरचा भार आणि स्टिअरिंगची ओढ दोन्ही वाढले. फ्लेअरने ते झाकलं जाईल, कमी होणार नाही.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर असलेला तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर अडवणाऱ्याची नजर आधी बाहेर आलेल्या टायरवर जाते, फ्लेअरवर नंतर. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, त्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्याची तपासणी आहेच. म्हणून माझा आग्रह असा की जुनी रिम आणि टायर विकू नका, पत्रा कापू नका, आणि फ्लेअर बोल्टने बसवा, चिकटवू नका. एका दुपारीत गाडी मूळ रूपात आणता आली पाहिजे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्या बघून मोह होतो, पण त्यातल्या कित्येक ट्रेलरवर चढून जातात, हे फोटोत दिसत नाही.

आता खरं काम. फ्लेअर चाकाच्या स्थिर जागेवरून आखायचा नसतो. तो चाक जिथपर्यंत जाऊ शकतं त्यावरून आखायचा असतो. घरी केलेल्या फ्लेअरपैकी बरेचसे पहिल्याच खड्ड्यात फुटतात, आणि दोष रेझिनला दिला जातो.

जिप्सीला पुढेमागे सरळ ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. एक चाक दगडावर चढलं की ॲक्सल तिरका होतो. वर गेलेल्या चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि खालचा बाहेर. ही आपल्या फायद्याची गोष्ट, कारण टायर कमानीत शिरताना फ्लेअरच्या ओठापासून, म्हणजे चाकाकडच्या कडेपासून, थोडा दूर जातो. पण दुसरी गोष्ट लोक विसरतात. पाटा दबला की सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि त्याचं एक टोक पक्कं असल्यामुळे ॲक्सल शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या हलत्या टोकाच्या, बाजूला सरकतो. म्हणजे चाक नुसतं वर जात नाही, पुढे किंवा मागेही जातं. पुढच्या चाकाला यात स्टिअरिंगचा लॉक मिळवा. पूर्ण वळवलेलं आणि पूर्ण दबलेलं चाक कमानीच्या ज्या कोपऱ्याजवळ येतं, तो कोपरा तुमच्या फ्लेअरचा आकार ठरवणार. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास गणिताने साधारण ७३३ मिलिमीटर येतो, पण प्रत्यक्ष टायर मोजा. खाचा खोल असलेल्या मड टायरचे खांदे छापील रुंदीच्या बाहेर असतात.

मोजायची पद्धत साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करा. फेंडरच्या सर्वांत बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगीर भागापर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. चारही चाकांवर घ्या, चार आकडे सारखे येणार नाहीत. मग पुढचं एक चाक मजबूत रॅम्पवर किंवा एकात एक अडकवलेल्या लाकडी गुटक्यांवर चढवा, शक्य तितकं उंच, आणि मागचं तिरकं समोरचं चाकही तसंच. बाकीच्या चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा, आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नको, चेसिसखाली घोडे (जॅक स्टँड) हवेतच. आता स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून प्रत्येक वेळी टायर आणि कमान यांतली सर्वांत कमी फट टेपवर लिहून तिथेच चिकटवा. रॅम्पवर पाटा पूर्ण दबत नाही, बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सल वर येऊन ज्या अडणीला टेकतो तिथपर्यंत) अजून किती जागा उरली तेही मोजा आणि तेवढं वर गृहीत धरा. फ्लेअरच्या आतल्या बाजूला, सर्वांत वाईट अवस्थेतही, २० ते २५ मिलिमीटर फट राहायला हवी. चिखलाचा थर टायरवर बसतो, त्याला जागा लागते.

फट राहत नसेल तर उपाय फ्लेअरमध्ये नाही, बंप स्टॉप थोडा वाढवण्यात आहे. पत्रा कापायची पाळी आली तर पुढच्या फेंडरला फारसं बिघडत नाही, तो बोल्टने बसवलेला आहे, उद्या बदलता येईल. मागे मात्र हात आखडता घ्या. तिथे बाहेरचा आणि आतला पत्रा कमानीच्या कडेला एकत्र जोडलेला असतो. ती कड कापली की जोड उघडा पडतो, आत पाणी जातं, आणि कोकणातल्या हवेत दोन पावसाळ्यांत मागची बाजू पोखरते. कापलंच तर दोन्ही पत्रे पुन्हा वेल्ड करून, सीम सीलर भरून, प्रायमर मारूनच पुढे जा.

आकाराबद्दल. ४५ मिलिमीटर चाक झाकायला फ्लेअर ५५ च्या आसपास बाहेर आणा. त्याहून जास्त नको, अरुंद रस्त्यावर तुमच्या डोक्यात गाडीची जुनीच रुंदी बसलेली असते. डावी-उजवी बाजू सारखी करण्यासाठी पुठ्ठ्याचे किंवा ३ मिलिमीटर प्लायचे छेद-नमुने करा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे नऊ, साडेदहा, बारा, दीड आणि तीन या जागी फ्लेअरचा छेद कसा दिसेल ते कापून ठेवायचं, आणि तेच नमुने उलटे करून दुसऱ्या बाजूला लावायचे. नमुन्याची जागा चाकाच्या मध्यापासून आणि जमिनीपासून मोजा, फेंडरच्या कडेवरून नको. इतक्या जुन्या गाडीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात, कुठेतरी डेंटरचा हातोडा फिरलेला असतोच. आणि फार हट्टही धरू नका. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कोणालाच दिसत नाहीत. एकदम दिसतं ते समोरून आणि मागून. म्हणून फ्लेअरचा सर्वांत बाहेरचा बिंदू दोन्हीकडे एकाच उंचीवर आणि तेवढाच बाहेर हवा. बाजूने पाहताना कमानीत पाच-सात मिलिमीटरचा फरक असला तर तो फक्त तुम्हालाच माहीत असेल.

पुढच्या फ्लेअरची मागची शेपटी दाराच्या फटीजवळ येते. पुठ्ठा तात्पुरता टेपने लावा आणि दार पूर्ण उघडून बघा. दाराची पुढची कड उघडताना फेंडरकडे सरकते आणि जाड शेपटीला चावते. हे आधी बघितलं तर पुठ्ठा कापावा लागतो, नंतर बघितलं तर रंगवलेलं फायबर.

सामानाकडे येतो. रेझिन साधं जनरल पर्पज पॉलिएस्टर. इपॉक्सी मजबूत असतं, आकसतही कमी, पण इथे त्याची गरज नाही, आणि त्यात दोन खोडी आहेत. चॉप्ड स्ट्रँड मॅटमधले (काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईतले) धागे ज्या चिकट द्रव्याने धरलेले असतात ते पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतं आणि मॅट मऊ पडून वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते, तिथे विणलेलं कापड घ्यावं लागतं. शिवाय इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचे थर नीट धरत नाहीत. मॅट ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मुख्य आणि ३०० ची थोडी, वरच्या गुळगुळीत थरासाठी सरफेस टिश्यू. ४५० च्या एका थराने साधारण १ मिलिमीटर जाडी येते. तुमच्या मापाच्या चार फ्लेअरना सगळं मिळून साडेचार-पाच चौरस मीटर मॅट आणि ६ किलोच्या आसपास रेझिन धरा. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. त्याहून जास्त ओतलं की वस्तू जड आणि ठिसूळ होते. ताकद काचेच्या धाग्यात असते, रेझिन फक्त धाग्यांना जागच्या जागी धरतं.

दुकानात एक प्रश्न न चुकता विचारा: यात कोबाल्ट घातलेलं आहे का? आपल्याकडे बऱ्याचदा तीन बाटल्या मिळतात: रेझिन, जांभळट-निळं कोबाल्ट म्हणजे ॲक्सिलरेटर, आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर, म्हणजे एमईकेपी. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, आणि काम सुरू करायच्या क्षणी त्या रेझिनमध्ये एमईकेपी. दोन्हींसाठी वेगळ्या सिरिंज, वेगळे कप, आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बंद गॉगल घालूनच. गेलाच तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि मग दवाखाना. हातात नायट्राइलचे मोजे, तोंडावर सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क. साध्या कापडी मास्कने स्टायरीन अडत नाही. घासताना धुळीचा फिल्टर वेगळा. बंद गॅरेजमध्ये नको, पडवीत किंवा उघड्या शेडमध्ये करा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, हा वास भिंती मानत नाही.

ऋतूही बघा. पावसाळ्यात हे काम काढू नका. ओलसर हवेत पॉलिएस्टर नीट पिकत नाही, म्हणजे टणक होत नाही, मॅट दमट होते, पृष्ठभाग चिकट राहतो. मे महिन्यात उलटा त्रास: ३५ अंशांच्या पुढे कपातलं रेझिन ब्रश फिरेपर्यंत जेली होतं. तुमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, उकाड्यात एकच्या जवळ, थंड सकाळी दोनकडे. एका वेळी २०० ते २५० ग्रॅमच कालवा. उरलेलं रेझिन कपात ठेवून चहाला गेलात तर जाड गठ्ठा स्वतःच्या उष्णतेने तापतो, धूर सोडतो, प्लॅस्टिकचा कप वितळवतो. उरलं की उघड्यावर पत्र्यावर पातळ पसरून द्या. ब्रश धुवायला ॲसिटोन, आणि ते ठेवलेल्या जागी विडी-सिगरेट नाही.

गाडी झाकणं कंटाळवाणं आहे आणि तिथेच लोक घाई करतात. कमानीभोवती फूटभर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर पार्सलची प्लॅस्टिकची चिकटपट्टी सुरकुती न पाडता, आणि तिच्यावर मोल्ड वॅक्सचे तीन हात. पॉलिएस्टर त्या पट्टीला धरत नाही. बाकीची गाडी पूर्ण प्लॅस्टिकने झाका, काचा आणि चाकंही. फोमचा एक ठिपका रंगावर सुकला तर तो रंगासकटच निघतो.

आता या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी. बहुतेक जण पट्टीवर थेट फोम लावतात आणि वरून फायबर करतात. मग फ्लेअर निघतो, पण गाडीला लावताना कुठे दोन तर कुठे पाच मिलिमीटर फट पडते. त्याऐवजी फोमच्या आधी गाडीच्या अंगावरच साधारण ६० मिलिमीटर रुंदीची फायबरची पट्टी घालून घ्या, ४५० मॅटचे दोन थर, कमानीच्या कडेपासून वर. ही पट्टी तुमच्या फेंडरची हुबेहूब छाप घेते, डेंटरने ठेवलेल्या उंचवट्यांसकट. ती रात्रभर पिकू द्या, जागची हलवू नका. वरचे ३० मिलिमीटर बोल्टसाठी मोकळे राहतील, खालच्या ३० वर फोम उभा राहील. पुढचं सगळं याच पट्टीवर चढवायचं, म्हणजे शेवटी वस्तू गाडीवरून उतरवली आणि पुन्हा ठेवली तरी ती एकाच जागी बसते.

फोम पॉलियुरेथेनचा. थर्माकोल नको, स्टायरीन त्याला डोळ्यांदेखत विरघळवतं, आणि इन्सुलेशनच्या निळ्या-गुलाबी पाट्यांचंही तेच, ते पॉलिस्टायरीनच आहे. दोन भाग मिसळून ओतायचा फोम सर्वांत बरा. पुठ्ठ्याची भिंत टेपने उभी करून त्यात थोडा थोडा ओतायचा, फुगायला जागा ठेवून. डब्यातला स्प्रे फोम हवेतल्या ओलाव्याने पिकतो, त्यामुळे जाड थर मारला की बाहेरून टणक आणि आतून कित्येक दिवस ओला. मग तो उशिरा फुगतो आणि तुमचा आकार बिघडवतो. तोच वापरायचा तर अंगठ्याएवढे पातळ थर, एकावर एक, मध्ये वेळ देऊन. फोम हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने ढोबळ कापा, मग ४० नंबरचा पॉलिश पेपर लांब लाकडी पट्टीला गुंडाळून. हाताने घासलेलं डोळ्याला सपाट वाटतं, पण रंग चढला की लाटा दिसतात. छेद-नमुने सतत लावून बघा. आतल्या कडेला ओठ आत वळवा, २० ते २५ मिलिमीटर. हा वळलेला ओठ नसेल तर ३ मिलिमीटरचं फायबर हाताने हलतं. तो असला की ताठ उभं राहतं.

शाडूचं विचारलंत. कोकणात ते सुचणं साहजिकच आहे, पेणच्या मूर्तिकारांनी शाडू घरोघर नेलाय. आकार द्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फोमपेक्षा कितीतरी नाजूक वळणं येतात. पण उभ्या पत्र्यावर तो स्वतःच्या वजनाने सुटतो, वाळताना चिरतो, आणि ओला असताना त्यावर रेझिन पिकत नाही. मूर्तीच्या कामात शाडूवरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतात, तो पूर्ण वाळवून शेलॅकने बंद करतात, आणि मगच आत फायबर भरतात. ती पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात साचा आलाच, आणि साच्याबद्दल वर सांगितलंय. शाडू इथे एकाच कामाला वापरा: फोममधले खड्डे बुजवायला, तोही पूर्ण वाळवून, वर टेप लावून.

थर घालताना आधी फोमवर नुसतं रेझिन मारून छिद्रं बंद करा आणि पिकू द्या, नाहीतर फोम मॅटमधलं रेझिन पिऊन टाकतो. मग ४५० मॅटचे तीन थर, वरच्या मोकळ्या ३० मिलिमीटर पट्टीवरही चढवून. मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे धागे विरळ असतात आणि एकमेकांत मिसळतात, कापलेली कड पायरीसारखी दिसत राहते. वळणावर लांब तुकडा बसत नाही, तळहाताएवढे तुकडे एकमेकांवर चढवत जा. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचा, आणि नंतर खाचा असलेला ॲल्युमिनिअमचा रोलर फिरवून हवा काढायची. मॅट पांढरी दिसते तोवर कोरडी आहे. पारदर्शक झाली की भिजली, तिथेच थांबायचं. ओठाच्या कडेवर हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे पहिला दगड तिथेच लागतो, म्हणून कडा टोकदार न ठेवता निदान पेन्सिलीइतक्या गोल ठेवा. शेवटी सरफेस टिश्यू.

मग हातात ब्लेड घेऊन लक्ष ठेवा. रेझिन जेली होऊन रबरासारखं झालं की दहा-पंधरा मिनिटांचा एक काळ मिळतो, त्यात बाहेर लोंबणारी मॅट धारदार कटरने चीजसारखी कापली जाते. तो चुकला की ग्राइंडर, धूळ आणि आठवडाभर खाजणारे हात.

दोन दिवसांनी फ्लेअर उतरवा. फोम पूर्ण खरवडून आत पोकळ ठेवायची पद्धत आहे, पण मी चिखलात जाणाऱ्या गाडीला ती सुचवत नाही. बाहेरचं फायबर आणि फेंडरला टेकलेली पट्टी यांच्यामध्ये व्ही आकाराची खाच तयार होते, ओला चिखल तिथे ठासून बसतो आणि पत्र्याची कड कुजवतो. फोम आतच राहू द्या, खालची उघडी बाजू समतल घासून ३०० मॅटच्या एका थराने बंद करा. वजनात फरक नगण्य आहे.

पुट्टी-रंगाला घाई नको. पॉलिएस्टर आठवडे आकसत राहतं. ताज्या फायबरवर रंग मारला की पहिल्या उन्हाळ्यात मॅटचे धागे रंगातून उमटतात. उतरवलेले फ्लेअर आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा, आकार वाकू नये म्हणून गाडीवरच बोल्टने लावून. शेवटच्या थरात वॅक्स असेल तर ते ॲसिटोनने पुसून ८० नंबरने घासल्याशिवाय पुट्टी धरणार नाही. मग पातळ पुट्टी, १८० ने लांब पट्टीवर घासणं, टूके (दोन भाग मिसळायचा) प्रायमर सरफेसर, त्यावर काळ्या स्प्रेची हलकी धूळ मारून ४०० चा वॉटर पेपर. काळं जिथे उरतं तिथे खड्डा, जिथे लगेच जातं तिथे उंचवटा. गाडीच्या रंगात रंगवायचे की काळे, हा आवडीचा भाग, पण माझं मत काळ्या खरबरीत फिनिशला. झाडीत ओरखडे येणारच, काळ्यावर ते डब्यातल्या स्प्रेने मिटतात, आणि पुट्टीही अर्धीच लागते.

बसवताना १२० ते १५० मिलिमीटर अंतरावर एम ६ चे स्टीलचे रिवनट (भोकात ओढून पक्के होणारे नट) पत्र्यात, आणि बाहेरून स्टेनलेसचे बोल्ट. रिवनटसाठी पत्र्यात साधारण ९ मिलिमीटरचं भोक लागतं. ते पाडल्यावर कड कानसून, झिंक प्रायमर मारून, सुकू देऊनच रिवनट ओढा. फायबरमधलं भोक ८ मिलिमीटर आणि थोडं लांबट ठेवा, ऊन-सावलीत पत्रा आणि फायबर सारखे पसरत नाहीत. बोल्टखाली नायलॉनचा वॉशर, आट्यांना ग्रीस. फ्लेअर आणि रंग यांच्यामध्ये रबराची बीडिंग हवीच, नाहीतर मध्ये अडकलेली वाळू पहिल्याच मोसमात रंग खाऊन पत्रा उघडा करते. बोल्ट हाताने घट्ट, वर पाऊण फेरा, बस. फायबर दाबाने चिरतं, आणि चीर वॉशरखाली असल्यामुळे दिसत नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा बघा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चारही उतरवून मागे साचलेलं धुऊन टाका.

एक शेवटचं, चिखलाचं. फ्लेअर वर आणि बाजूला उडणारा चिखल अडवतो. टायरच्या मागून खालच्या अंगाने जो उडतो, त्याला फ्लेअरची शेपटी पोचत नाही. पुढच्या चाकांमागे टायरच्या पूर्ण रुंदीचे रबरी मडफ्लॅप लावल्याशिवाय तुमचं दार स्वच्छ राहणार नाही. ते चेसिसला पकडलेल्या कंसावर लावा, फ्लेअरला टांगू नका. मागे घेताना फ्लॅप चाकाखाली सापडला तर तो एकटा फाटू दे.